चाव्या देऊन मोकळे व्हा

इमारतीनं तिशी ओलांडली, गॅलरीच्या स्लॅबमधून गंजलेली सळई डोकावायला लागली आणि शेजारच्या प्लॉटवर बावीस मजले चढले, की मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीला पुनर्विकासाचे डोहाळे लागतात. मुलुंड असो, पार्ले असो, चेंबूर किंवा बोरिवली. तुमच्याकडेही लागले असतील तर अभिनंदन. हे काम डोक्याला ताप न होता उरकायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

पहिली गोष्ट, जुने कागद उकरत बसू नका. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, मालक वारला, वारस सात, त्यातले दोन परदेशात, हे सगळं खरं असलं तरी त्याचा एवढा बाऊ कशाला? डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे मालकानं करून दिलं नाही तरी सरकारी आदेशानं जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय कायद्यात २००८ पासून आहे म्हणे, पण त्यासाठी सोसायटीनं स्वतः अर्ज करायचा, कागद जमवायचे, सुनावणीला हेलपाटे मारायचे. ते काम बिल्डरवर सोपवा. तो वारसांना गाठून जमीन थेट आपल्याच नावावर करून घेईल. एकदा मालकही तो आणि विकासकही तो झाला, की वाटाघाटी किती सोप्या होतात ते बघालच.

मग सर्वसाधारण सभा. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनानं २००९ मध्ये आणि सुधारून ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाची पद्धत घालून दिली आहे. दोन तृतीयांश सभासदांची हजेरी, ५१ टक्के संमती, सभेचं चित्रीकरण, निविदा मागवणं, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता, बिल्डर निवडताना निबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर. वाचूनच थकवा येतो. बिल्डरचा वकील तुम्हाला लगेच सांगेल की न्यायालयानं या सूचना मार्गदर्शक ठरवल्या आहेत, बंधनकारक नाहीत. बरोबरच आहे त्याचं. जे बंधनकारक नाही ते पाळलं तर लोक आपल्याला मूर्ख म्हणतील. प्रकल्प सल्लागार सोसायटीनं नेमायचा असतो, पण त्याची फी बिल्डरनं द्यायची असं ठरवून टाका. सोसायटीचे पैसे वाचतात, आणि सल्लागारालाही आपण कोणाचं मीठ खातोय याबद्दल संभ्रम राहत नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे जागा. सभेत फक्त एकच प्रश्न विचारायचा असतो: किती टक्के? समजा जुनं घर कार्पेट ४५० चौरस फूट आहे आणि बिल्डर म्हणतो ४० टक्के जास्त देतो, म्हणजे ६३०. टाळ्या वाजवा. पुनर्वसनाच्या घरांना जुन्या क्षेत्रावर ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, महापालिका प्रीमियम न घेता देते, हे सभेत कोणी बोललंच तर त्याला बसायला सांगा. तो उगाच हिशेब मांडेल की ४० मधले ३५ नियमानंच मिळतात आणि बिल्डरचं औदार्य उरलेल्या पाचात आहे. शिवाय इमारत ३० वर्षांहून जुनी असली तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७)(ब) खाली आणखी एफएसआय मिळतो, तो सभासदांच्या पदरात किती आणि विक्रीच्या मजल्यांत किती, असंही विचारेल. अशा माणसांमुळेच सभा लांबतात आणि समोसे गार होतात.

६३० म्हणजे नेमकं काय, हेही विचारू नका. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येत बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, पण घरातल्या घरात खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंती धरतात. अशा भिंतींची एकूण लांबी ६० फूट आणि गिलाव्यासकट जाडी पाच इंच धरली, तर २५ चौरस फूट भिंतीतच गेले. भिंत काय वाईट असते? तिच्यावर कॅलेंडर लावता येतं. काही चिकट सभासद करारात ‘भिंत ते भिंत’ मोजलेलं क्षेत्रफळ लिहून घेतात, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी दाखवणारा नकाशा जोडून त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घेतात, कॉलम कुठे बाहेर येतो त्यावर खूण करून ठेवतात. तुम्ही असलं काही करू नका. घर हातात आल्यावर ‘१० बाय ९’च्या बेडरूममध्ये कोपऱ्यातला कॉलम नऊ इंच आत आलेला दिसेल. पलंग लावला की कपाटाचं दार अर्धंच उघडेल, आणि वरच्या कप्प्यातली चादर काढायला पलंगावर गुडघे टेकून चढावं लागेल. व्यायाम होतो.

यापुढचा भाग सगळ्यात सोपा आहे, कारण तिथे फक्त नाही म्हणायचं असतं. मार्गदर्शक सूचनांनुसार बिल्डरनं प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी सोसायटीला द्यायची असते. काम अडकलं तर सोसायटीच्या हातात असणारी जवळपास एकमेव रोख गोष्ट. बिल्डर गोड बोलून सांगेल, “बँक गॅरंटीत माझा पैसा उगाच अडकतो. त्यापेक्षा मी प्रत्येक घराला १० फूट वाढवून देतो ना!” घ्या लगेच. हिशेब करायचाच असेल तर असा: समजा प्रकल्पखर्च ४० कोटी, गॅरंटी ८ कोटी. सभासद ३०, प्रत्येकी १० फूट म्हणजे ३०० फूट, भाव ३० हजार धरला तर ९० लाख. तेही अजून न बांधलेल्या इमारतीत. आठ कोटींचं संरक्षण सोडून नव्वद लाखांचं कागदी घर पदरात पाडून घेणाऱ्या कमिटीचा वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, तो उगाच नाही.

गॅरंटीबद्दल विचारणारा एक सभासद प्रत्येक सोसायटीत असतोच. निवृत्त बँकवाला नाहीतर शाळेतल्या बाई. त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणायचं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस सकाळी-संध्याकाळी टोमणे मारायचे आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपमधून काढायचं. ‘तुमच्या एकट्यामुळे तीस कुटुंबं रखडली’ हे वाक्य पाठ करून ठेवा. अजून एक वीटही हललेली नसताना ते फार परिणामकारक ठरतं.

विकसन करार शंभरेक पानांचा आणि इंग्रजीत असतो. तो वाचायचा नसतो, प्रत्येक पानावर खाली सही करायची असते. सोबत रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्रही असतं, तेही उरका. तारण ठेवण्याच्या कलमात ‘फक्त विक्रीच्या सदनिका’ असं लिहून घ्यायचा आग्रह धरू नका. जमीन आणि सभासदांची घरं वगळली तर बिचाऱ्याला कर्ज कसं मिळणार? मुदतीच्या कलमात ‘३६ महिने’ असं ठळक दिसेल, तेवढंच वाचा. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरात ‘पूर्ण सीसी मिळाल्यापासून’ असं असतं. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, टप्प्याटप्प्यानं मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांची. पूर्ण सीसी हातात येईपर्यंत इमारत बरीच वर गेलेली असते, किंवा पैसे संपून जोत्यावरच थांबलेली असते. छत्तीस महिन्यांचं घड्याळ तिथून पुढे सुरू होणार. त्यावर सहा अधिक सहा महिन्यांची सवलत, आणि बिल्डरच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी आणखी. पावसाळा दरवर्षी बिल्डरच्या हाताबाहेरच असतो.

भाड्याचं कलम तर वाङ्मय म्हणून वाचण्यासारखं आहे. भाडं कधीपासून? ‘शेवटच्या सभासदानं ताबा दिल्यापासून.’ म्हणजे तुम्ही शहाण्यासारखं एप्रिलमध्ये घर रिकामं केलंत आणि तळमजल्यावरच्या दुकानदारानं दिवाळीपर्यंत तंगवलं, तर मधले सहा-सात महिने तुमच्या खिशातून. भाडं कधीपर्यंत? ‘ताबा घेण्याची सूचना दिल्यापासून १५ दिवस.’ ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळेपर्यंत नाही, सूचनेपर्यंत. लिफ्ट नाही, पाणी नाही, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, पण सूचनेचं पत्र मात्र वेळेवर येतं. पहिल्या वर्षाचे चेक आगाऊ मिळतात, ते अगदी ठणठणीत वठतात. मजा दुसऱ्या वर्षी. एकाच वॉर्डात पाच-सहा सोसायट्या एकदम रिकाम्या झाल्या की सगळे तिथेच घर शोधतात, कारण मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा डॉक्टर तिथलाच. घरभाडी भडकतात, करारातली वाढ १० टक्केच राहते. वरची रक्कम कुठून आणायची यावर घरोघरी चर्चा होतात, कुटुंब एकत्र येतं.

भाडं थांबलंच तर काय होतं, याचं उदाहरण फार लांब नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये, म्हणजे पत्राचाळीत, २००८ साली करार झाला. कुटुंबं ६७२. भाडं बंद पडलं, प्रकरण तपास यंत्रणांकडे गेलं, शेवटी अर्धवट काम म्हाडाला स्वतःच हाती घ्यावं लागलं आणि दीड दशक उलटलं तरी लोक भाड्याच्याच घरात होते. पण ते तिकडे. आपला बिल्डर चांगला आहे, त्यानं गणपतीला मूर्ती दिली होती.

तर चाव्या. मंजूर नकाशा आणि आयओडी, म्हणजे महापालिकेची अटींसह प्राथमिक मंजुरी, हातात आल्याशिवाय घर सोडू नये, असं काही लोक सांगतात. प्रत्येक सभासदाशी पर्यायी घराचा वेगळा नोंदणीकृत करार आधीच करावा, असंही सांगतात, आणि विकसन करारावर मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर या वेगळ्या करारावर १०० रुपयांपेक्षा जास्त लागत नाही, हा फेब्रुवारी २०२३ चा उच्च न्यायालयाचा निकालही दाखवतात. शंभर रुपये म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. ते वाचवा. कुठल्या मजल्यावरचं, कुठल्या दिशेचं, कुठल्या नंबरचं घर मिळणार हे नंतर कळण्यात एक थरार आहे. विलेपार्ले-सांताक्रूझला तर हा थरार आणखी वाढतो. तिथे विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असते, आणि विमानतळ प्राधिकरणाचं पत्र येण्याआधीच माहितीपत्रकात अठरावा मजला छापलेला असतो.

कॉर्पसचे, म्हणजे बिल्डरनं सभासदांना एकरकमी द्यायचे, पैसे आले की मॉड्युलर किचन करून टाका. ती रक्कम नव्या इमारतीचा वाढलेला मेंटेनन्स भरण्यासाठी असते, हे विसरायलाच हवं. जुन्या तीन मजली इमारतीत खर्च काय तो पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि एक वॉचमन. टॉवरमध्ये दोन-तीन लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, जनरेटर आणि गाड्या वर-खाली करणारं पार्किंगचं यंत्र. ते यंत्र बंद पडलं की तुमची गाडी तिसऱ्या थरात आणि तुम्ही खाली रिक्षा शोधताय. १० लाख कॉर्पस ७ टक्क्यांनी ठेवला तर महिन्याला साधारण ५,८०० रुपये सुटतात, बहुतेकदा मेंटेनन्सचा फरक तेवढाच असतो. आणि हो, मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तुमचं ४५० चं घर आता ६३० चं झालं. करदात्यांच्या रांगेत स्वागत.

ओसी नसताना ‘फर्निचर करायला’ म्हणून चावी मिळेल. फर्निचर झालं की तिथेच राहायला लागा, सगळे तेच करतात. पाणी जादा दरानं येईल, कधी टँकरनं. बिल्डरला ओसीची घाई मात्र उरणार नाही, कारण तुम्ही तर राहताच आहात.

हे सगळं आतल्या लोकांसाठी झालं. तुम्ही शेजारच्या इमारतीत राहत असाल तर तुमचं काम फक्त सोसायचं. तरी थोडं मार्गदर्शन. पायलिंग सुरू होण्याआधी आपल्या इमारतीच्या भिंतींचे, बीमचे, बाथरूमच्या फरशांचे तारखेसह फोटो काढून ठेवायचे असतात. जुन्या भेगांवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची असते, भेग वाढली तर काच तडकते आणि पुरावा राहतो. हे केलंत तर नंतर बिल्डरचा इंजिनिअर ‘या भेगा आधीपासूनच होत्या’ असं म्हणू शकणार नाही आणि त्याचं मन दुखावेल. पाया खोदताना उपसलेलं पाणी गटारात सोडलं जातं, त्यात माती असते, पहिल्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. तेव्हा महापालिकेला दोष द्या, ते सवयीचं आहे. धुळीसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनं नियम काढले: एका एकरपेक्षा लहान जागेला २५ फूट, मोठ्या जागेला ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे. पत्रे लागतात, त्यांवर इमारतीची जाहिरात छान दिसते. फवारे पाहणीच्या दिवशी चालू असतात.

झाडांवर लाल रंगानं आकडे पडले आणि नोटीस चिकटवली, की हरकत नोंदवायची मुदत सुरू होते. नोटीस बुंध्याच्या रस्त्याकडच्या बाजूला लावायचा नियम कोणी केलेला नाही, त्यामुळे ती भिंतीकडच्या बाजूला असेल तर मुद्दाम वाकून पाहू नका. ‘पुनर्रोपण केलेलं’ झाड पुढच्या उन्हाळ्यात वाळतं, त्याला पाणी घालणारा माणूस फक्त कागदावर असतो.

रस्ता नऊ मीटरचाच राहणार, जलवाहिनी तीच, चोवीस कुटुंबांच्या जागी नव्वद. पाण्याची वेळ पहाटेची असेल तर ती आणखी पहाटेची होईल. तक्रार करायची तर वॉर्ड ऑफिसात लेखी करा, दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का घ्या. डंपर रात्री दहानंतर आले तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून पोलिसांना कळवा. मात्र हे सगळं आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर पुनर्विकासाच्या पहिल्या सभेची नोटीस लागेपर्यंतच करायचं. ती लागली, की आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन तक्रार मागे घ्या, आणि मागे घेतल्याच्या अर्जावरही शिक्का मारून घ्या. नव्या बिल्डरनं फाईल मागितली तर उपयोगी पडतो.