कुडकुडत नाही तो काटक? ‘थंडीच्या जीन’चा मेसेज तपासताना

थंडी पडली की मराठवाड्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘ध्रुवाकडच्या आदिवासींच्या स्नायूंत थंडीचं खास जीन असतं, म्हणून ते कुडकुडत नाहीत. आपण उन्हाळी मुलखातले, आपल्यात ते नाही. चाचणी करा, जीन निघालं तर रात्री बिनघोर पाण्यावर जा.’ यात खरं आहे ते थोडंच.

पहिला मुद्दा ‘खास जीन’चा. या मेसेजमागे आहे ते एसीटीएन३ नावाचं जनुक (म्हणजे जीन), आणि ते सगळ्यांकडेच असतं. झटक्यात जोर लावणाऱ्या स्नायुतंतूंतलं अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन त्यावरून बनतं. काहींच्या जनुकात ५७७व्या जागी ‘थांबा’ची खूण पडलेली असते. आई आणि वडील, दोघांकडूनही तशीच प्रत आली तर हे प्रथिन मुळीच बनत नाही. म्हणजे जादा काही मिळालेलं नसतं, असलेलं गेलेलं असतं. आजार होत नाही, कारण अल्फा-ॲक्टिनिन-२ बरंचसं काम निभावून नेतं.

‘आपल्यात ते नाही’ हे तर साफ चूक. जगात साधारण पाचातल्या एकात हे प्रथिन नसतं. आफ्रिकेत असे लोक फार थोडे, युरोपात सुमारे १८ टक्के, आशियात त्याहून जास्त. बीड-लातूरच्या भरल्या एसटीतही असे प्रवासी निघतील. ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये थंडीच्या संदर्भात ज्यांची चर्चा होते ती टीबीएक्स१५ आणि सीपीटी१ए ही जनुकं वेगळी. त्यांचा संबंध चरबी कुठे साठते, कशी जळते याच्याशी.

आता मेसेजमागचा प्रयोग. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि ध्रुवाकडच्या आदिवासींवर झालेलाच नाही. १८ ते ४० वयाचे ४२ निरोगी पुरुष १४ अंशांच्या पाण्यात बसवले. २० मिनिटं पाण्यात, १० मिनिटं बाहेर, असं पाण्यात जास्तीत जास्त दोन तास. आतलं तापमान ३५.५ अंशांवर टिकवणारे प्रथिन नसलेल्यांत ६९ टक्के निघाले, असलेल्यांत ३० टक्के. प्रथिन नसलेल्यांचे स्नायू जोराने थरथरण्याऐवजी ताठर राहून ऊब देत होते. पण उरलेल्या ३१ टक्क्यांचं काय? प्रथिन नसूनही त्यांचं अंग गारठलंच. रात्रीच्या लाइटीवर गव्हाला दारं धरायला कुणी जावं, हे अशा चाचणीवर ठरवणं धोक्याचं आहे.

सगळ्यात घातक भाग कुडकुडण्याचा. परभणीत पारा काही वर्षी पाच अंशांखाली उतरलेला आहे, आणि दारं धरणाऱ्याचे पाय पाण्यात असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं, त्यात ओल्या धोतराला वारा लागतो. अशा वेळी कुडकुडणारा माणूस आपली ऊब आपणच तयार करत असतो. कुडकुडणं थांबलं, बोबडी वळू लागली, बोटांना शर्टाचं बटण लागेना, तर तो काटकपणा समजू नका. शरीर हार मानतंय.

त्याला लगेच वाऱ्याच्या आड न्या. ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, घोंगडी आधी छाती-पोटाभोवती गुंडाळा, डोकं झाका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीच्या जाळावर धरू नका: बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. दारू अजिबात नको, तिने कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. १०८ला फोन लावा.

पाण्यावर जाताना गमबूट घाला आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर ठेवा.