झाली पक्ष्यांना गाठ्या उधळायला सुरुवात!

थंडी पडली की नवी मुंबईत वाशी-ऐरोलीच्या खाडीवर तेच. पुडी फाडायची, मूठभर गाठ्या हवेत भिरकवायच्या, मोबाइल वर धरायचा. अहो, ते कुरव (सीगल) आहेत, फरसाणाचं गिऱ्हाईक नव्हे! तपकिरी डोक्याचा कुरव (हिवाळ्यात डोकं पांढरंच, डोळ्यामागे फक्त काळपट ठिपका) लडाख-तिबेटच्या तळ्यांकडून येतो. खातो मासे, खेकडे, किडे. तळलेल्या बेसनाने पोट भरलं की ओहोटीला चिखलात उतरतो कशाला? वर शहाणपण, ‘त्यांना मीठ पचतं.’ पचत नाही, डोळ्यांवरच्या ग्रंथी ते गाळतात आणि नाकपुड्यांतून थेंब थेंब गळतं. ती सोय समुद्राच्या पाण्यासाठी आहे, तुमच्या पुडीसाठी नाही. रिकामी पुडी तर तिवराच्या श्वसनमुळांत अडकलेली असतेच.