परदेशी शिकणारी पोरं आणि देशाचा ‘तोटा’

जुलै-ऑगस्ट आला, विमानतळावर ट्रॉलीभर बॅगांसह पोरांना निरोप देणं सुरू झालं, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश हमखास डोकं वर काढतो. लांबलचक आहे, सार एवढंच: परदेशी शिकायला जाणारा विद्यार्थी म्हणजे देशाचा निव्वळ तोटा. तो आपल्या कराच्या पैशावर शिकतो, मग इथले डॉलर तिकडे नेऊन ओततो, परत येत नाही, नागरिकत्वही सोडतो. हुशार तेवढे निघून जातात, मागे गाळ राहतो. आनंदीबाई आणि बाबासाहेब परत आले, कारण त्यांच्यात देशभक्ती होती. तेव्हा सरकारनं परदेश शिष्यवृत्त्या बंद कराव्यात आणि जाणाऱ्या प्रत्येकाकडून परत येण्याचा बॉण्ड लिहून घ्यावा. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

सगळंच खोटं असतं तर हा संदेश इतका चालला नसता. म्हणून तो मुद्देसूद वाचायला हवा.

कराच्या पैशापासून सुरुवात करू. अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात भारतातले ३,३१,६०२ विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण तिथं पहिल्या क्रमांकावर गेलो. त्यातले १,९६,५६७ जण पदव्युत्तर अभ्यासक्रमांना होते. आता देशातल्या सगळ्या आयआयटींमध्ये मिळून बी.टेक.च्या वगैरे जागा वर्षाला सतरा-अठरा हजारांच्या घरात. त्या सगळ्याच्या सगळ्या बॅचेस दोन वर्षं उचलून नेल्या तरी दोन लाखांचा आकडा भरत नाही. मग हे आले कुठून? बहुतेक खाजगी कॉलेजांतून, जिथली चार वर्षांची फी बापानं भरलेली असते. त्यात सरकारचा वाटा असलाच तर किरकोळ.

आयआयटीचं दुखणं मात्र खरं आहे. २०१० च्या जेईईत पहिल्या हजारात आलेल्यांचा माग काढणारा एक अभ्यास आहे. हजारातले ३६ टक्के देशाबाहेर गेले, पहिल्या शंभरातले ६२ टक्के. पहिल्या दहांतले तर नऊ. यावर ज्याला रागवायचं त्यानं जरूर रागवावं, पण तो राग जळगावहून जर्मनीला मास्टर्सला निघालेल्या मुलीवर कशाला? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क घेत नाहीत आणि परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीय संख्येनं पहिले आहेत. म्हणजे आपल्या हजारो पोरांच्या शिक्षणाचा भार जर्मन करदाता उचलतोय. तिकडेही असा एखादा संदेश फिरत असेल आणि त्यात लुटारू आपण असू.

डॉलरचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार परदेशातल्या शिक्षणासाठी २०२१-२२ मध्ये ५.१७ अब्ज डॉलर बाहेर गेले. २०२३-२४ मध्ये ती रक्कम साडेतीन अब्जांवर आली आणि त्यानंतर आणखी घटली. उलट दिशेनं, परदेशातल्या भारतीयांनी २०२३-२४ मध्ये घरी पाठवलेली रक्कम ११८ अब्ज डॉलरच्या पुढे होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बघा, फायदाच फायदा’ म्हणणारेही भेटतात. तो हिशेब लबाडीचा आहे. दुबईत उन्हात सळया बांधणाऱ्या गड्यानं पाठवलेला पैसा बोस्टनच्या विद्यार्थ्याच्या खात्यात जमा धरता येत नाही.

पण एक बदल नजरेआड करून चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या त्याच वर्षाच्या पाहणीत अमेरिकेतून आलेल्या पैशाचा वाटा २७.७ टक्के, तर संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के निघाला. ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया धरले, की निम्म्याहून जास्त पैसा अशा देशांतून येतो, जिथं आपली माणसं मोठ्या संख्येनं शिकायला जातात आणि मग नोकरीला लागतात. हा पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे, केरळच्याही थोडा पुढे.

खरा तोटा या संदेशात कुठेच नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँक सहसा तारण मागते. घर किंवा जमीन गहाण पडते, एजंट कमिशन घेतो आणि पोरगं जातं ते कुणी नावही न ऐकलेल्या कॉलेजात, जिथं शिकवण्यापेक्षा वर्क परमिट विकलं जातं. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हा अशी किती तरी घरं हादरली. तिथं देशाचंही नुकसान आहे आणि घराचंही. ते थांबवायचं तर एजंटांना वेसण घालावी लागेल, पण तेवढा धीर संदेश लिहिणाऱ्याला नसतो.

‘परत येत नाहीत’ याच्या पुराव्यादाखल संदेशात नागरिकत्व सोडणाऱ्यांचा आकडा येतो: २०२२ मध्ये २,२५,६२०. आकडा सरकारनं संसदेत दिलेला, खरा. फक्त तो विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे दुसरं घेतलं की पहिलं सुटतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि ग्रीन कार्डासाठी एकेका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे नोकरीवर गेलेल्या भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणजे या सव्वादोन लाखांत कुणाची बायको आहे, कुणाचे आईवडील, कुणी वीस वर्षांपूर्वी नोकरीवर गेलेला. यंदा निघालेल्या पोरांच्या माथी तो आकडा मारायचा, ही हातचलाखी झाली.

शिवाय एक मोठा गट परत येतोच, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. युक्रेन, रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स इथं डॉक्टरकी शिकायला गेलेली मुलं. इथल्या खाजगी मेडिकलची फी परवडत नाही आणि सरकारी जागा मिळत नाही म्हणून ती गेली. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणलं, त्यात बहुतेक हेच विद्यार्थी होते. त्यांना इथंच यायचं असतं. आल्यावर परीक्षा, ती सुटली तर इंटर्नशिपसाठी हॉस्पिटलांचे उंबरे झिजवणं, आणि वर ‘परदेशातून डिग्री विकत आणलेला’ हा शिक्का.

डॉक्टर सोडून बाकीच्यांचं काय? ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्स पदवीला इथं समकक्षता मिळताना वर्षानुवर्षं अडचण यायची. त्यावर दोन्ही देशांचा करार व्हायला जुलै २०२२ उजाडला. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्वतंत्र नियमावली आली २०२५ मध्ये. तोवर बाहेरून पीएच.डी. करून आलेल्या माणसानं आधी आपली पदवी खरी आहे हे सिद्ध करायचं, मग भरती कधी निघते याची वाट बघायची, आणि तोपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाच्या हिशेबानं शिकवायचं. अशा ठिकाणी कोण कशाला येईल, आणि आलाच तर किती दिवस टिकेल?

चीनचं उदाहरण इथं कामाचं आहे. १९८० च्या दशकात तिथून बाहेर पडलेली मुलंही परतत नव्हती. १९८९ मध्ये तिआनानमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेल्यानंतर तर अमेरिकेनं १९९२ मध्ये खास कायदा करून तिथल्या चिनी विद्यार्थ्यांना कायम राहायची मुभा दिली. पुढे चित्र पालटलं. चिनी शिक्षण मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे १९७८ ते २०१९ या काळात बाहेर शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के परतले. मधल्या काळात देशभक्तीचा पूर आला नव्हता. प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, विद्यापीठांना पैसा मिळाला, २००८ पासून बाहेरच्या शास्त्रज्ञांना पगार, घर, संशोधन निधी देऊन बोलावणं सुरू झालं आणि मुख्य म्हणजे नोकऱ्या तयार झाल्या. तैवाननं हे आधीच केलं होतं. सिंचूचं विज्ञान उद्यान १९८० चं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये हयात घालवलेल्या मॉरिस चँग यांना १९८५ मध्ये बोलावून सरकारी संशोधन संस्था हातात दिली, १९८७ मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली. आज जगातल्या सगळ्यात प्रगत चिप तिथं बनतात. चँग यांचा जन्मही तैवानचा नव्हता, चीनमधल्या निंगबोचा.

‘मागे गाळ उरतो’ हे वाक्य इथं राहून शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या प्रत्येकाचा अपमान आहे, पण तेवढ्यावर ते खोटं ठरत नाही. खोटं ठरतं ते या कारणानं: बाहेर जाण्याची संधी दिसली, की जाणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं तयारीला लागतात. २००० नंतर अमेरिकेनं नर्सना जास्त व्हिसा द्यायला सुरुवात केली, तेव्हा फिलिपिन्समध्ये काय झालं हे मोजलं गेलंय. बाहेर गेलेल्या एका नर्समागे नऊ जादा नर्स परवाना घेऊन उभ्या राहिल्या. आपल्याकडे कॉम्प्युटरचं हेच झालं. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची आशा धरून लाखो मुलं त्या शाखेला गेली. व्हिसाचा वार्षिक कोटा २००४ पासून ६५ हजारांवर, आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार. बाकीची इथंच राहिली, आणि हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंतच्या कंपन्या त्यांच्यावर उभ्या राहिल्या. काही जण तिकडचा अनुभव घेऊन परत आले तेही त्यात.

छोट्या देशांना हा न्याय लागू नाही. गयाना, जमैका इथले बहुतांश पदवीधर देश सोडून गेलेत, तिथं तोटा हा शब्द बरोबरच आहे. भारतात २००० सालच्या मोजणीत उच्चशिक्षितांपैकी बाहेर असलेल्यांचं प्रमाण चार-साडेचार टक्के होतं.

आता आनंदीबाई आणि बाबासाहेब. ही दोन नावं संदेशात कुणी घातली ते कळत नाही, पण घातली ते बरं केलं.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या तिकडे असतानाच कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचं पद त्यांना देऊ केलं होतं. क्षयानं खंगून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. पण परतणाऱ्या बाईसाठी आधीपासून जागा राखून ठेवलेली होती, हे लक्षात घ्या. १८८६ साली.

बाबासाहेबांचं उदाहरण तर संदेशवाल्यांवरच उलटतं. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला धाडलं. करार होता: परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी. म्हणजे हवा तो बॉण्ड होता. बॉण्ड पाळणारा माणूसही होता. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यात हजर झाले. हाताखालचे शिपाई फायली लांबून फेकत. राहायला घर कुणी देईना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहिले, तर काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. दुसरीकडे आसरा मिळेना. कमाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार काही दिवसांत संपला. अमेरिकेत शिकलेला, करार पाळायला आलेला हा माणूस बडोद्याला ठेवून घेता आला नाही.

पुढे शाहू महाराजांची मदत, सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक आणि मित्राकडून घेतलेली उसनवारी यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले आणि भारताच्या चलनावर नेमलेल्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. (रिझर्व्ह बँक थेट त्यांच्याच ग्रंथावरून निघाली असं सांगणारा आणखी एक संदेश फिरतो, त्याचा समाचार पुन्हा कधी.)

ज्यांच्या शिक्षणाचा इथं उपयोग झाला, त्यांची यादी काढली तर दर वेळी काहीतरी तयार असलेलं दिसतं. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये एमआयटीतून पदवी घेऊन आले, तेव्हा किर्लोस्करवाडीचा कारखाना चालू होता. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांना ब्रिटनमधून विक्रम साराभाईंनी थुंब्याच्या अवकाश केंद्रात बोलावलं. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून आले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती त्यांच्या हातून. केंब्रिजला शिकलेल्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं काम मला या सगळ्यांत जास्त भावतं. पुण्यात गोखले संस्था चालवता चालवता ते विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीच्या शेतकऱ्यांत जाऊन बसले आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नगर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला केंब्रिजचा असा उपयोग होईल, हे आधी कुणी सांगितलं असतं तर हसले असते लोक.

राहिली शिष्यवृत्त्या बंद करण्याची मागणी. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अख्ख्या देशासाठी १२५, त्यात अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलं. ज्यांच्या बापाकडे गहाण टाकायला घर नाही, त्यांच्यासाठी जवळजवळ हीच एक वाट. लाखो लोक स्वतःच्या नाहीतर बँकेच्या पैशानं जातात आणि बंद काय करायचं, तर ही वाट!

आणि देशाला उपयोग हवा अशी खरंच तळमळ असेल, तर दुसऱ्या एका नियमाविरुद्ध संदेश लिहायला हवा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं याच शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. बाहेर जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास करायचा म्हणाल, तर पैसे नाहीत. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातल्या जाती हा होता.