दुकानातल्या ट्यूबलाइटबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर माझं म्हणणं

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंत ते मी नीट वाचलं. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. कपड्यांच्या विभागात अर्धा तास फिरलात आणि डोकं भणभणायला लागलं. तपकिरी म्हणून घेतलेला शर्ट घरच्या उजेडात मरून रंगाचा निघाला. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती ‘लाइट असेच आहेत’ म्हणाली. आणि शेवटी तुमचा सल्ला: इतक्या ट्यूबा कशाला, अर्ध्या बंद करा, नाहीतर सरळ एलईडी लावून मोकळे व्हा.

तक्रारी खऱ्या आहेत. सल्ला मात्र मला पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण याच कामाला सध्या आम्ही हात घातला आहे आणि मोठ्या दुकानातला उजेड हा विषय दिसतो तेवढा सोपा नाही.

आधी डोकेदुखी. जुन्या, जड लोखंडी चोकवर (ट्यूबेतला प्रवाह आवरणाऱ्या डब्यावर) चालणारी ट्यूब एकसारखी पेटलेली नसते. विजेचा प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ट्यूब मंदावते. 50 हर्ट्झच्या विजेवर हे सेकंदाला 100 वेळा होतं, 60 हर्ट्झवर 120 वेळा. इतक्या वेगाची लुकलुक डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून ती बाधत नाही असं नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कार्यालयात काम करणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना न सांगता त्यांच्या डोक्यावरच्या ट्यूबांचे चोक बदलले होते. उच्च वारंवारतेच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण यांचं प्रमाण सरासरी निम्म्याहूनही खाली आलं. तेव्हा तुमचं डोकं दुखलं त्याला कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही.

त्यातून ट्यूब जुनी झाली की तिची टोकं काळवंडतात, आणि टोकाकडची फडफड नुसत्या डोळ्यांनीही दिसायला लागते. एरवी तपासायचं असेल तर मोबाइल स्लो मोशनवर लावून छताकडे धरायचा. जुन्या चोकवरच्या ट्यूबा त्यात धपापताना दिसतात, इलेक्ट्रॉनिक चोकवरच्या स्थिर राहतात, कारण तो चोक ट्यूबेला सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनं देतो आणि मधे मंदावायला तिला सवडच मिळत नाही. चोकचा तो ‘घुंई’ आवाजही त्याबरोबर जातो. पुढचा घरगुती सामानाचा विभाग आणि बिलिंग काउंटर इथलं चोक बदलायचं काम झालं आहे. कपड्यांचं, म्हणजे तुम्ही फिरलात तिथलं, अजून झालेलं नाही. तोवर आमच्या वायरमनने एक जुना उपाय केला आहे. शेजारशेजारच्या ओळी त्याने वेगवेगळ्या फेजवर टाकल्या, म्हणजे एक ओळ मंदावते तेव्हा शेजारची बऱ्यापैकी तेजात असते आणि खालच्या रॅकवर पडणारा एकूण उजेड बराच सपाट होतो. हा पक्का इलाज नाही, पण फरक पडतो.

आता अर्ध्या ट्यूबा बंद करायचं. हे मला बरेच जण सुचवतात आणि त्यामागचा विचार मी समजू शकतो. छताकडे बघितलं की डोळे दिपतात, म्हणजे उजेड जास्त झाला असंच वाटणार. पण उरलेली प्रत्येक ट्यूब तेवढीच झगझगीत राहते, तेवढीच लुकलुकते. उलट तिच्या आजूबाजूचं छत काळोखं होतं, त्यामुळे ती जास्तच खुपते. नजर लख्ख पट्टीवरून अंधाऱ्या कोपऱ्यात आणि परत पट्टीवर अशी फिरत राहते, आणि डोळे त्यानेच दमतात. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खरी अडचण उजेड पडतो कुठे ही आहे. गिऱ्हाईक बघतं रॅककडे, म्हणजे उभ्या पृष्ठभागाकडे, आणि आमच्यासारख्या दुकानांतला बहुतेक उजेड पडतो फरशीवर. मी लक्समीटर, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र, घेऊन टॉवेलच्या रॅकसमोर उभा राहिलो. मीटर फरशीवर आडवा ठेवला की आकडा झकास. तोच उभा धरून वरच्या फळीपासून खाली नेला की आकडा कोसळत जातो, आणि सगळ्यात खालच्या फळीवर वरच्याच्या पाचवा हिस्साही उरत नाही. तिथल्या गठ्ठ्याचं साइजचं लेबल वाचायला माणूस वाकतो आणि स्वतःचीच सावली त्यावर पाडतो. युरोपियन प्रमाण ईएन 12464-1 विक्रीच्या जागेसाठी 300 लक्स आणि बिलिंगच्या जागेसाठी 500 लक्स मागतं, शिवाय डोळे दिपण्यावरही मर्यादा घालतं. 300 गाठणं अवघड नाही. डोळे न दिपवता तो उजेड खालच्या फळीपर्यंत पोचवणं अवघड आहे.

म्हणून आमचा पहिला खर्च नव्या दिव्यांवर नव्हता. रॅकच्या रांगांना आडव्या जाणाऱ्या ट्यूबांच्या पट्ट्या आम्ही काढल्या आणि दोन रॅकच्या मधल्या वाटेवर, वाटेच्या दिशेने लावल्या. आधी कुठली वाट उजळ, कुठली अंधारी असा खेळ होता, तो थांबला. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची झाकणं बदलली. पट्ट्यांवरची धूळ पुसली, आणि हे वाचून हसू येईल, पण मोठ्या दुकानात धुळीने खाल्लेला उजेड हा हिशोबात धरण्याइतका असतो. जिथे छत उंच आहे तिथे दोन्ही बाजूंच्या रॅककडे उजेड वळवणाऱ्या लेन्सच्या पट्ट्या घेतल्या. त्यांच्या बरोबर खाली उभं राहिलं तरी डोळ्यांत तिरीप जात नाही.

‘सरळ एलईडी लावा’ याबद्दल. एलईडीला माझा विरोध नाही. आम्ही तिकडेच चाललो आहोत आणि सगळ्यांनाच जावं लागणार आहे. ट्यूबमध्ये पारा असतो, आणि पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराच्या 2023 च्या परिषदेत सरळ ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं आहे. युरोपीय संघात तर टी-8 आणि टी-5 या नेहमीच्या ट्यूबा नव्याने बाजारात आणणं ऑगस्ट 2023 पासूनच बंद झालं. माझा आक्षेप ‘सरळ’ या शब्दाला आहे. जुनी ट्यूब काढली, त्याच पट्टीत एलईडी ट्यूब खोचली, झालं काम, असं होत नाही.

एक तर साधी ट्यूब चहूबाजूंनी उजेड टाकते. त्यातला काही छतावर आदळून मऊ होऊन खाली येतो. एलईडी ट्यूब मुख्यतः खालीच टाकते. छत काळं पडतं, दुकान गुहेसारखं वाटायला लागतं आणि त्या काळ्या छतावरच्या पांढऱ्या रेघा आणखी टोचतात. दुसरं, एलईडीच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारं सर्किट, हलका असेल तर तीसुद्धा सेकंदाला 100 वेळा मंदावते. ट्यूबच्या आतल्या लेपात प्रवाह कमी झाल्यावरही उजेड किंचित रेंगाळतो. एलईडी तेवढीही सवलत देत नाही, प्रवाह पडला की ती तत्क्षणी पडते. म्हणजे निकृष्ट एलईडी तुमच्या डोक्याला जुन्या ट्यूबेपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. आम्ही नमुन्याला आलेल्या दिव्यांची हीच परीक्षा घेतो, आणि डिमरवर कमी करून पुन्हा घेतो, कारण काही दिवे पूर्ण तेजात शांत असतात आणि मंद केले की फडफडतात. तिसरी गोष्ट वायरिंगची. काही एलईडी ट्यूबा चोक बाद करून थेट लाइनवर जोडाव्या लागतात. अशा पट्टीवर तशी चिठ्ठी लावली नाही, तर पुढे कधीतरी तिथे जुनी ट्यूब बसवायला जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. हे काम घाईने उरकण्याचं नाही.

आता तुमचा शर्ट. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कपडे विकणाऱ्याने रंगच खरा दाखवला नाही तर त्याने दाखवलं काय? कपड्याचा रंग कपड्यात असतो तितकाच त्यावर पडणाऱ्या उजेडात असतो. जुन्या, साध्या लेपाच्या ट्यूबेच्या उजेडात गडद लाल जवळजवळ नसतोच. परत यायला लालच नाही म्हटल्यावर मरून तपकिरी दिसणार. तीन रंगांच्या लेपाच्या ट्यूबा यापेक्षा बऱ्या असतात. दिव्याच्या खोक्यावर रंग किती खरा दाखवतो त्याचा जो आकडा असतो, सीआरआय, तो अशा ट्यूबांचा 80 च्या वर असतो. पण त्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे आणि ठसठशीत लाल त्या आठांत नाही. तो आर-9 या नावाने वेगळा मोजतात. 80 सीआरआय असलेल्या एलईडीचा आर-9 शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणून कपड्यांच्या विभागासाठी आम्ही सीआरआय 90 च्या वर आणि आर-9 किती ते लिहून मागतो. जो विक्रेता हा आकडा द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवतो.

यात एक पेच उरतोच. पांढऱ्या कपड्यांत चमक यावी म्हणून जी द्रव्यं घातलेली असतात ती अतिनील आणि जांभळ्या उजेडावर जागी होतात. ट्यूबेत तो उजेड थोडा असतो, नेहमीच्या एलईडीत जवळपास नसतो. तेव्हा नव्या दिव्यांखाली लाल-मरून खुलतील आणि पांढरे शर्ट मात्र जरा मळकट वाटतील. आमच्या विक्रेत्यांनी हे नमुन्याच्या दिव्याखाली लगेच ओळखलं. पांढऱ्या मालासाठी वेगळे दिवे घ्यावेत की तो माल काचेजवळ हलवावा, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. मी स्वतः काचेजवळ हलवण्याच्या बाजूचा आहे. दिवसाच्या उजेडाला तोड नाही, आणि जोडी जुळवायची असेल तर तोच खरा. एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे दोन कपडे दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, हे शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारा.

तुमचा शर्ट तुम्ही आणून द्या. तपकिरी हवा होता तर तपकिरी घ्या, किंवा पैसे परत घ्या. त्यासाठी दोन स्टारचे चार करा असं मी म्हणणार नाही.

शेवटी त्या काउंटरवरच्या मुलीबद्दल. तुम्हाला तिचं उत्तर तुटक वाटलं असेल. पण तुम्ही त्या उजेडात अर्धा तास होतात, ती आणि तिच्या सोबतच्या सगळ्या जणी कामाची पूर्ण पाळी त्याखाली उभ्या असतात. तिच्या हातात दिवे बदलणं नाही, ते माझ्या हातात आहे. म्हणून रागाचं जे काही असेल ते माझ्या नावावर टाका. दिव्यांचे नमुने लावतो तेव्हा पहिलं मत आम्ही याच मुलींचं घेतो, आणि संध्याकाळी, कामाची पाळी संपताना घेतो, सकाळी नाही. काउंटरवरच्या नव्या पट्ट्यांची जागा त्यांच्या सांगण्यावरूनच एकदा बदलली, कारण बिलाच्या स्क्रीनवर पट्टीचं प्रतिबिंब पडत होतं. मला ते उभ्याने दिसलं नव्हतं, बसून काम करणारीला दिसलं.

कपड्यांच्या विभागाचं काम दुकान बंद झाल्यावर, एकेक रांग घेऊन चालू होईल. निघालेल्या ट्यूबा कचऱ्यात न टाकता पाऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडे जातील. तोवर मागच्या भिंतीकडे जुन्याच पट्ट्या आहेत. तुम्हाला तिथे त्रास होत असेल तर आत जाऊ नका. हवं ते कोणालाही सांगा, आमची माणसं माल पुढे काचेजवळच्या टेबलावर आणून दाखवतील. रंगही तिथेच नीट बघून घ्या.