एकाच डिस्कवर दहापट स्पीड? आधी एलएसबीएलके मारा

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. एकाच लिनक्स सर्व्हरवर एका पार्टिशनमधून दुसऱ्यात मोठा डेटा हलवायचा असेल तर सीपी (फाइल कॉपी करायची साधी कमांड) वापरू नका, ते जुनं आणि स्लो आहे, त्यापेक्षा आरसिंकला (दोन फोल्डर जुळवून घेणारं कॉपीचं टूल) कॉम्प्रेशन लावा, आठ कॉपी एकदम सोडा, नाहीतर डीडीला (डिस्कवरचा डेटा जसाच्या तसा ब्लॉकने उचलणारी कमांड) १ जीबीचा ब्लॉक साइज द्या, आणि अगदीच घाई असेल तर एमव्ही, म्हणजे फाइल हलवायची कमांड, ते तर क्षणात होतं. दहापट स्पीड गॅरंटीड म्हणे. यातलं थोडं अर्धवट खरं आहे, बाकीच्याने काम उलट लांबतं.

आधी ते सीपीचं. पार्टिशन म्हणजे डिस्कवर मारलेली रेघ हो, रेघ मारली म्हणून डिस्कच्या दोन डिस्क होत नाहीत. फिरणारी हार्डडिस्क असेल तर वाचायला हेडने (डेटा वाचणारा-लिहिणारा सरकता भाग) या टोकाला जायचं, लिहायला त्या टोकाला, आणि हे तासन्तास. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवा तो सेक्टर खाली येईपर्यंत सरासरी ४ गेले, हेड सरकायचे ८-९ वेगळे. सलग वाचताना १५० एमबी सेकंदाला देणारी डिस्क धरा, तिला तेवढाच डेटा वाचायचाही आहे आणि लिहायचाही, मग कॉपी ७५ च्या वर जाणारच कशी? १ टीबीला पावणेचार तास झाले, तेही हेडची धावपळ शून्य धरून. यात सीपीचा काय दोष, कुठलंही टूल आणा, डिस्क तीच राहणार. तेच दोन पार्टिशन दोन वेगळ्या डिस्कवर असतील तर हेच 'जुनं' सीपी जवळपास दुप्पट पळतं. म्हणून आधी एलएसबीएलके (कुठलं पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते दाखवणारी कमांड) मारून बघा की आपण नक्की कुठून कुठे चाललोय, ते न बघता टूलवर वाद घालणं म्हणजे टाइमपास. आणि जुनं म्हणाल तर २०२१ च्या कोअरयुटिल्स ९.० (सीपी ज्या संचात येतं तो) पासून सीपी शक्य तिथे कॉपीचं काम थेट कर्नलवरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावरच सोपवतं.

आता आठ कॉपी एकदम. हा सल्ला कुणाच्या तरी एनव्हीएमईवर (सगळ्यात वेगवान प्रकारची एसएसडी) खरंच चालला असणार आणि तिथून तो सगळ्यांच्या गळ्यात पडला. एनव्हीएमईला हजारो रिक्वेस्ट रांगेत ठेवता येतात, साटाच्या (डिस्क जोडायची जुनी पद्धत) रांगेत फक्त ३२, आणि फिरणाऱ्या डिस्कला तर हेडचा एकच सेट. तिथे आठ कॉपी सोडल्या की ते हेड सोळा ठिकाणी नाचतं, मी एकदा हौसेने केलंय, रात्री लावून गेलो आणि सकाळी बघतो तर निम्मंसुद्धा झालेलं नाही. वर लिहिलेल्या फाइल्सचे तुकडे डिस्कभर पसरतात, म्हणजे पुढे वाचतानाही त्रास. पण लाखो बारक्या फाइल्स आणि खाली एसएसडी असेल तर समांतर कॉपीचा फायदा होतो हे मान्य, कारण तिथे वेळ डेटात जात नाही, प्रत्येक फाइल उघडा, नवीन बनवा, परवानग्या लावा, बंद करा यात जातो.

कॉम्प्रेशनवर जास्त लिहायची गरजच नाही. मध्ये नेटवर्क नाही, तर कोणासाठी दाबताय? तोच सीपीयू दाबणार, तोच उलगडणार, डिस्कवर बाइट तेवढेच पडणार. फक्त बदललेला भाग पाठवणं ही आरसिंकची प्रसिद्ध करामतसुद्धा दोन्ही टोकं लोकल असली की डिफॉल्टने बंद असते, अख्खी फाइलच जाते.

उलट एका ठिकाणी सीपी सरस आहे आणि हे कोणी सांगत नाही. व्हर्च्युअल मशीनची ५०० जीबीची इमेज, आत खरा डेटा ४० जीबी. सीपी ती रिकामी भोकं ओळखून सोडून देतं, आरसिंकला स्पार्स (भोकं राखायचा) ऑप्शन दिला नाही तर ते ५०० च्या ५०० जीबी लिहून काढतं.

डीडी. ते सेकंदाला १.५ जीबी वगैरे जो आकडा दाखवतं, तो डिस्कचा नसतोच, रॅमचा असतो. लिनक्स डिफॉल्टने मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठवू देतं, कमांड संपली तरी डिस्क घामाघूम होऊन लिहितच असते. शेवटी एफसिंक (सगळं खरंच डिस्कवर उतरेपर्यंत थांबायला लावणारा ऑप्शन) लावून वेळ मोजा, आकडा लगेच जमिनीवर येतो. शिवाय अख्खं पार्टिशन डीडीने उचललं तर रिकामी जागाही कॉपी होते, यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक, दोन्हीकडे सारखा येतो (एक्सएफएस ही फाइलसिस्टम तर दुसरं पार्टिशन माउंटच, म्हणजे वापरायला जोडूच देत नाही), आणि माउंट असताना, लिहिणं चालू असताना केलं तर हातात येतं ते अर्धवट फाइलसिस्टम.

एमव्ही क्षणात होतं ते एकाच फाइलसिस्टममध्ये, कारण तिथे फक्त नाव बदलतं. दुसऱ्या पार्टिशनला कर्नल सरळ नकार देतो, मग एमव्ही गपचूप कॉपी करून मूळ डिलीट करतं. पाच फोल्डर दिले आणि मध्येच बंद पडलं तर दोन तिकडे, दोन इकडे, एक अर्धं.

मग करायचं काय, तर घड्याळात बघायचं ते सर्व्हिस किती वेळ बंद राहते तेवढंच. सर्व्हिस चालू असतानाच आरसिंकची पहिली फेरी मारा, लागू दे दहा तास. मग सर्व्हिस थांबवून डिलीट ऑप्शनसह दुसरी फेरी, ती फक्त बदललेलं उचलते. हार्डलिंक (एकाच डेटाला अनेक नावं) असतील तर त्याचा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो हं, आरसिंकच्या आर्काइव्ह मोडमध्ये तो येत नाही, बॅकअपचे फोल्डर हलवताना तो विसरलात तर कॉपी मूळच्या कितीतरी पट फुगते. आणि खाली एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी लिनक्सची सोय) असेल, त्याच्या ग्रुपमध्ये जागा शिल्लक असेल आणि जागा कमी पडते म्हणूनच हा सगळा खटाटोप चालला असेल, तर कॉपी कशाला करताय, एलव्हीएक्सटेंड कमांडने जागा वाढवा, मग फाइलसिस्टम वाढवा, दोन मिनिटांचं काम आहे.