चित्रांची पुस्तकं लहान मुलांची असतात म्हणे

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय शांत वाटणार नाही.

मावसभाऊ आला होता. गप्पा छान चालल्या होत्या. बोलता बोलता त्यानं कपाटातलं प्राण्यांच्या फोटोंचं ते जाडजूड पुस्तक काढलं, दहाबारा पानं भराभर उलटली आणि म्हणाला, "अगं, हे अजून ठेवलंयस? चित्रांची पुस्तकं लहान मुलांची असतात. फोनवर याच्या शंभरपट फोटो मिळतात, तेही फुकट." पुस्तक मिटलं आणि त्यावरच फोन ठेवून दिला. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाशी वाद नको, म्हणून मी गप्प बसले. आता इथे तुमच्याशी बोलते, कारण तुम्हाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

हे पुस्तक घरात आलं ते बाबांच्या आजारपणात. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, शब्द तेवढा तोंडापर्यंत यायचा नाही. भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायची, जणू त्यांना ऐकूच येत नाही. वर्तमानपत्र हातात दिलं तर अक्षरं लागायची नाहीत. टीव्हीचा वेग सोसायचा नाही. फोनवर फोटो दाखवावेत तर बोट लागून पुढचाच फोटो यायचा आणि ते चिडून तोंड फिरवायचे. मग ओळखीच्या कोणीतरी हे पुस्तक आणून दिलं. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, पानावर डाव्या हाताचा पंजा. तो पंजा उचलला जाईपर्यंत पान उलटायचं नाही. हा नियम त्यांनीच घालून दिला, एक शब्दही न बोलता.

त्या पुस्तकात मगरीचं एक पान आहे. दोन्ही पानांवर पसरलेला जबडा, अर्धवट उघडा, आणि दातांच्या रांगांमध्ये इवलीशी पिल्लं. पहिल्यांदा बघणाऱ्या कोणाच्याही अंगावर काटा येईल. बाबांनी त्यावर पंजा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग एका बोटानं फोटोखालच्या ओळींवर ठोकलं. वाच. मी वाचलं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना मगरीण अशीच जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेऊन सोडते. बाबांनी मान खाली घातली आणि तोच फोटो पुन्हा पाहायला लागले. दात तेच, पिल्लं तीच, पण आता ते एका आईकडे बघत होते.

दोन ओळी होत्या फक्त. त्या नसत्या तर तो फोटो आम्ही दोघांनी उलटाच समजून घेतला असता. आणि फोटो नसता तर त्या दोन ओळी शाळेच्या पुस्तकातल्या माहितीसारख्या विसरून गेलो असतो. लहान मुलांचं म्हणे! सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळलेला माणूस त्या पानावर हात ठेवून बसला होता.

हा तुच्छतेचा सूर काही आजचा नाही. १९०६ सालच्या जुलैमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' या अमेरिकी मासिकानं जॉर्ज शायरस यांचे जंगली प्राण्यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. हा माणूस रात्री होडीतून तळ्याच्या काठाकाठानं जायचा, अंधारात हरणाचे डोळे चमकले की फ्लॅशची पूड पेटवून फोटो घ्यायचा. काही ठिकाणी तर त्यानं वाटेत दोरी बांधून ठेवलेली असायची. प्राण्याचा पाय लागला की त्याचा तोच स्वतःचा फोटो काढणार! रात्रीच्या जंगलातलं हरीण असं आधी कोणी पाहिलं होतं? आणि यावर काय झालं, तर मासिक काढणाऱ्या संस्थेच्या मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. मासिकाचं 'चित्रांचं पुस्तक' होत चाललंय, ही त्यांची तक्रार. ते दोघे गेले. त्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

मोठ्या माणसांना डोळे असून दिसत नाही, म्हणून तर ही पुस्तकं लागतात. घोड्याचंच घ्या. माणूस हजारो वर्षं घोड्यावर बसतोय. तरी नामवंत चित्रकार चौखूर उधळलेला घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, चारही हवेत, असाच काढत होते. १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरनं ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले तेव्हा कळलं की चारही खूर जमिनीवरून उचलले जातात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. पुढे १८८७ मध्ये त्यांनी माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींचे ७८१ तक्ते छापले, एकेका तक्त्यावर ओळीनं घेतलेले फोटो. घोडा तोच, रोज दारात बांधलेला. तो थांबवून कोणी समोर धरला नव्हता, इतकंच.

थांबवून समोर धरणं. पुस्तक हेच करतं आणि फोनला हेच जमत नाही. फोनवरचा फोटो येतो तोच जाण्याच्या बेतात असतो. त्याच्या मागे दुसरा उभा, त्याच्या मागे तिसरा. आपण 'किती गोड' म्हणतो आणि बोट सरकतं. पानावरचं घुबड कुठे जात नाही. त्याच्याकडे बघत बसावं लागतं, मग हळूहळू लक्षात येतं की गोड वगैरे काही नाही, हा शिकारी आहे. बाजूच्या ओळी सांगतात की त्याचे डोळे नळकांड्यासारखे असतात, खोबणीत फिरतच नाहीत, म्हणून ते सगळी मान वळवतं. आता ती रोखलेली नजर वेगळी दिसते की नाही? बाबा घुबडाच्या पानावर स्वतःची मान हळूहळू वळवून बघायचे. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेला मानेचा व्यायाम ते टाळायचे, हा मात्र आपणहून करायचे.

आणि त्या एका पानामागे केवढे कष्ट असतात! रिचर्ड आणि चेरी केअर्टन या भावांनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर पुस्तक काढलं, सगळे फोटो प्रत्यक्ष रानात घेतलेले. वजनदार कॅमेरा आणि फोटो ज्यांवर उमटायचा त्या काचेच्या प्लेटा घेऊन कडेकपारीत फिरायचं. पुढे तर पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचं कातडं भरून पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसायचे. आपल्याकडे वनखात्यात नोकरी करणारे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन बघा. साहेब लोक वाघ मारून त्यावर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचे, त्या काळातला हा माणूस. यानं बंदूक बाजूला ठेवली आणि वाघाच्या वाटेवर तार लावली. रात्री वाघ स्वतःच्या पावलानं ती दाबणार, फ्लॅश उडणार, आणि जिवंत वाघ जिवंतच पुढे निघून जाणार. १९२७ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं. आज वाघ मोजायला जंगलात कॅमेरे लावतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात, त्याची मुळं तिथे आहेत.

बरं, मान्य करते, या नावाखाली पोकळ पुस्तकंही खूप निघतात. मांजराच्या पिल्लाला टोपी घालायची आणि खाली एखादं सुवचन छापायचं. तसलं पुस्तक मीही घेणार नाही. आणि हो, फोटोग्राफर लबाडी करतात. २००९ सालच्या मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग तो बहुधा शिकवलेला लांडगा आहे म्हणून ते काढून घेतलं. त्याच स्पर्धेत २०१७ मध्ये जिंकलेल्या एका फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं परीक्षण करणाऱ्यांचं मत पडलं. तेही बक्षीस गेलं. पण मला सांगा, ते गेलं ना? कोणीतरी शंका घेतली, दुसऱ्या फोटोंशी ताडून पाहिलं, जाहीरपणे रद्द केलं. फोटोवर कोणाचं तरी नाव होतं, म्हणून त्याला जाब विचारता आला.

याउलट आज काय झालं ते ऐका. पुस्तकावर ठेवलेला तो फोन उचलून भावानं मला 'खरी कमाल' दाखवली. वाघाचा बछडा हत्तीच्या सोंडेत झोपलाय, मागे मावळता सूर्य. बछड्याच्या एका पंजाला बोटं जास्त, सोंडेचं टोक भलतीकडेच वळलेलं. मशीननं बनवलेलं चित्र, दुसरं काही नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे. तर म्हणे, "असू दे ना, छान तर आहे!"

असू दे? काय असू दे? हत्तीच्या सोंडेत एकही हाड नसतं, नुसत्या स्नायूंवर ती झाडाचा ओंडकाही उचलते आणि जमिनीवरचा बारीक दाणाही टिपते. खरी सोंड एवढी अचाट असताना खोटी कशाला हवी? जी मगरीण खरोखर पिल्लांना दातांत धरून नेते तिचा फोटो यानं आज दोन सेकंदांत उलटला. उलटताना काय म्हणाला माहितीये? "बघ, स्वतःचीच पोरं खातेय." खालच्या ओळींवर नजरसुद्धा गेली नाही. खोट्या बछड्याबद्दल गहिवर आणि खऱ्या आईवर हा आळ! राग येणार नाही तर काय होणार?

...मध्ये उठून पाणी पिऊन आले.

भावावर फार घसरले. त्याच्याबद्दल हेही सांगायला हवं की बाबांच्या त्या दिवसांत रात्रीच्या जागरणाला तोच यायचा. दिवसभर नोकरी करून. पुस्तक बघायची वेळ दुपारची, तेव्हा तो नसायचा, त्यामुळे त्या पानावरचा पंजा त्यानं पाहिलेला नाही. त्याच्या डोळ्यांनाही दिवसभर कोणी थांबू देत नाही, कामाचे निरोप त्याच फोनवर येतात. माणूस वाईट नाही. त्याला पान दोन मिनिटं धरून ठेवायला कोणी सांगितलेलंच नाही.

आणि फोनवर काहीच चांगलं नाही असंही नाही. तिथे कितीतरी अभ्यासू लोक सुंदर फोटो टाकतात, नीट माहितीही देतात. पण आजारी माणसाच्या मांडीवर फोन ठेवून बघा. दोघांनी मिळून बघायला तो पुरत नाही. एकजण बघतो, दुसरा वाट बघतो. पुस्तकावर दोन डोकी सहज वाकतात, आणि मध्ये काही बोलावं लागत नाही. आमच्या घरात त्या काळात याचं मोल फार होतं.

मला सगळ्यात आवडतं ते हे की पानावर सगळे सारखे असतात. जोएल सार्टोरी हे अमेरिकी फोटोग्राफर २००६ पासून प्राणिसंग्रहालयांसारख्या ठिकाणी माणसांच्या देखरेखीत असलेल्या प्राण्यांचे फोटो काढताहेत, मागे नुसता काळा किंवा पांढरा पडदा, बाकी काही नाही. उंदराला हत्तीएवढी जागा. खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात, हे वाचल्यावर बाबांनी आधी पानावर आणि मग स्वतःच्या नखावर अंगठा फिरवला होता. प्राणी आपल्यापेक्षा लहान, मुकं, कमी, असं मनात कुठेतरी असतं ना, ते अशा पानांपुढे टिकत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला तर हे आपल्याआधी कळलं.

आता राग उरला आहे तो प्रकाशकांवर. इतकी सुंदर पुस्तकं काढता आणि फोटोंची माहिती शेवटच्या चार पानांवर बारीक अक्षरांत का कोंबता? फोटो 'स्वच्छ' दिसावा म्हणून? आमच्या पुस्तकात ओळी फोटोखालीच होत्या म्हणून बरं, पण मगरीणीचं पान मध्यावर आणि तिचं खरं काय ते पुस्तकाच्या अगदी शेवटी असतं, तर कोण उलटून बघणार? वाचणारा ती पिल्लं खातेय असंच समजून पुढे जाणार. आणि प्राण्याचा चेहरा नेमका शिवणीत जाईल असा फोटो दोन पानांवर पसरवू नका. डोळा शिवणीत गेला की पुस्तक दाबून धरावं लागतं, आणि सगळ्यांचे दोन्ही हात चालत नाहीत.

तुमच्याकडे अशी चांगली पुस्तकं असतील तर खाली नावं लिहा. मला आणखी दोघांना द्यायची आहेत, दोघंही मोठी माणसं. अट एकच, ओळी फोटोच्या शेजारीच हव्यात आणि वाचता येतील एवढ्या मोठ्या.