वाफाऱ्याने सायनस ‘मुळासकट’ जात नाही

दर पावसाळ्याच्या तोंडाला एक संदेश कोल्हापुरात घरोघरी फिरतो. यंदा तो मला आमच्या दाजींकडून आला आणि त्याच दिवशी आणखी चार गटांतून. मजकूर साधारण असा: उकळत्या पाण्यात निलगिरी आणि कापूर टाकून दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं वाफारा घ्या. वाफेने सायनसमधले जंतू मरतात, साचलेला कफ वितळतो. लहान बाळांनाही चालतं. शेंबूड हिरवा झाला तर लगेच अँटिबायोटिक सुरू करा. नाकाचा स्प्रे घेऊ नका, सवय लागते. नळाच्या पाण्याने जलनेती करा. दही, केळी, भात बंद ठेवा. सात दिवसांत सायनस मुळासकट जातो, डॉक्टरची गरज नाही.

राजारामपुरीत मी बावीस वर्षं मेडिकल चालवते. या उपायांतलं काय उपयोगी पडतं आणि कशाने इजा होते, ते काउंटरवर रोज दिसतं. गेल्या श्रावणात आमच्याच गल्लीतल्या सहा वर्षांच्या पोराला आजीने पलंगावर बसवलं, पुढ्यात पातेलं ठेवलं आणि डोक्यावरून चादर टाकली. पोर खोकताना हललं, गादी दबली आणि पातेलं मांडीवर कलंडलं. त्याची आई मलम मागायला धावत आली. मी मलम न देता भाजल्या जागेवर नळाचं पाणी धरायला लावलं आणि रिक्षा बोलावली. पोर दीड महिना ड्रेसिंगला जात होतं. आजी अजून त्याच्याकडे बघून डोळे पुसतात. त्यांनी प्रेमानेच दिला होता वाफारा. म्हणून या संदेशाला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

‘वाफेने जंतू मरतात’ हे चटकन पटतं, कारण आपण दूध उकळतो, पाणी उकळतो. पण सर्दीचा विषाणू नाकाच्या अस्तरातल्या पेशींच्या आत शिरून वाढत असतो. त्याला मारण्याइतकी उष्णता आत पोचली तर आधी त्या पेशीच भाजतील. चेहऱ्याला सोसेल एवढी वाफ नाकात शिरेपर्यंत कोमट होते, आणि सायनसमध्ये तर ती जवळपास जातच नाही. सायनस म्हणजे कपाळ, गाल, नाकाचं मूळ आणि त्यामागच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात आणि त्यांची नाकात उघडणारी तोंडं जेमतेम काही मिलिमीटरची. गालातल्या पोकळीची रचना आणखी अवघड आहे: तिची मोरी जमिनीलगत नसून छताजवळ आहे. आतला चिकट द्राव सूक्ष्म केसांसारखे तंतू सेकंदाला दहा-पंधरा फटके मारत वर ढकलतात, तेव्हा तो बाहेर पडतो. सर्दीत अस्तर सुजलं की ते तोंड मिटतं आणि गाल, कपाळ जड होतं.

‘कफ वितळतो’ या म्हणण्यातही गफलत आहे. नाक चोंदतं ते बहुतांशी सुजेने. नाकाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाद्या असतात. त्या फुगल्या की वाट बंद होते. म्हणून कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही, आणि रात्री कूस बदलली की वरच्या बाजूची नाकपुडी थोडी उघडते. कफ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना वितळत नाही, गादीतलं रक्त सरकतं. डोकं उंच ठेवून, चोंदलेली बाजू वर करून झोपण्याचा सल्ला मी गिऱ्हाइकांना देते तो यासाठीच.

याची तपासणीही झाली आहे. इंग्लंडमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या 871 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी लक्षणांत फरक पडला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना मात्र थोडा, पण टिकणारा फायदा दिसला. दाजींना मी आपल्याकडचाच दाखला दिला. जुलैत कोल्हापुरात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. ओलसर हवेने नाक सुटत असतं तर रंकाळ्याच्या काठी पावसाळ्यात कुणाचं नाक चोंदलं नसतं. प्रत्यक्षात माझ्याकडे सर्दीची सगळ्यात जास्त गर्दी त्याच महिन्यांत असते.

तरी वाफारा घेऊच नका असं मी म्हणत नाही. सर्दीत ऊब बरी वाटते, वाळलेली खपली सुटते, घटकाभर हलकं वाटतं. तो आराम खरा आहे, मीही घेते. पण त्यासाठी उकळतं पातेलं मांडीजवळ आणायची गरज नाही. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, मुलांची त्याहून लवकर, आणि गॅसवरून उतरवलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी मनगटाला लावून बघा आणि मग चेहऱ्यावर ठेवा, तेवढाच आराम मिळतो. पातेलंच वापरायचं असेल तर ते न हलणाऱ्या टेबलावर ठेवा आणि खुर्चीवर बसा. मुलांना पातेल्याचा वाफारा देऊच नका. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत बसणारेही आहेत. आत गॅसचा गिझर असेल तर दार-खिडकी लावून असं कधीही करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. भाजलंच, तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका.

निलगिरी आणि कापराने नाक ‘एकदम सुटतं’ असं लोक शपथेवर सांगतात. पेपरमिंटच्या फुलांचा, म्हणजे मेंथॉलचा, अनुभवही तसाच. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतो, त्यामुळे मेंदूला वाटतं की भरपूर हवा येतेय. मोजून पाहिलं तर हवेची वाट होती तेवढीच असते. मोठ्या माणसाला हा आभास सुखद वाटत असेल तर त्यात वाईट काही नाही. बाळांचं तसं नाही. कापूर आणि निलगिरीच्या तेलाने लहान मुलांना आकडी येऊ शकते. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंगेच्या पुरचुंड्या तान्ह्या बाळांच्या गळ्यात बांधलेल्या मी पाहिल्या. रांगत्या पोराच्या हाती कापराची वडी लागली आणि तोंडात गेली, तर तेवढ्यानेही प्राणावर बेततं. ओव्याची, लसणाच्या सालीची धुरी हाही त्यातलाच प्रकार, तो धूरच शेवटी. बाळाचं नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे साधे सलाइनचे थेंब दूध पाजण्याआधी टाका.

आता हिरव्या शेंबडाचं. या एका वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं बाकी सगळ्यांनी मिळून केलं नसेल. रोज कुणीतरी येऊन सांगतं, ‘ताई, हिरवा पडायला लागलाय, ती पाचशे एमजीची गोळी द्या.’ रंग जंतूंमुळे येत नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यातल्या एका लोहयुक्त विकराचा रंग हिरवा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि आपोआप निवळतो. मोठ्यांच्या शंभर सर्दींपैकी जेमतेम एक-दोनदा जिवाणूंचा सायनसायटिस होतो. तो ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. दहा दिवस झाले तरी काडीचा उतार नाही. किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस 39 अंशांच्या वर, म्हणजे 102 फॅरनहाइटच्या पुढे ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्यात ठणका. किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागून पुन्हा बिघडणं. यातलं काही असेल तर डॉक्टर तपासून ठरवतील. प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिक मागणारी माणसं माझ्यावर रागावून समोरच्या दुकानात जातात, तरी मी देत नाही. विषाणूवर त्या गोळीचा काही उपयोग नसतो. पोट मात्र बिघडतं आणि आपल्या अंगातले जिवाणू त्या औषधाला निर्ढावतात.

स्प्रेच्या बाबतीत संदेशाने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात आणि पाच मिनिटांत नाक सुटतं. ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की उलटतात: औषध उतरलं की सूज आधीपेक्षा जास्त येते, मग पुन्हा थेंब. वर्षभर उशाखाली ती बाटली ठेवून झोपणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यापुरता संदेश बरोबर आहे. पण फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे स्टिरॉइडचे स्प्रे निराळे. त्यांची अशी सवय लागत नाही, त्यांचा गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात, आणि ॲलर्जीच्या किंवा जुनाट सायनसच्या रुग्णाला डॉक्टर तेच देतात. ‘स्टिरॉइड’ शब्द वाचून तिसऱ्या दिवशी बंद करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, थोडा धीर धरा. स्प्रे मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या नाकपुडीत मारा. म्हणजे स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला राहतं आणि मधल्या पडद्यातून रक्त येत नाही.

आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचं आहे. दिवाळी झाली की गळीत हंगाम, शेतात पाचट पेटतं, गुऱ्हाळांची चुलवणं धगधगतात, काळी राख अंगणात येऊन पडते. उद्यमनगर, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे वर्षभर वाळूची धूळ ओढतात. त्यांची सर्दी म्हणजे शिंका, खाज, पाण्यासारखं वाहणं. त्याला मास्क, धुतलेलं नाक आणि डॉक्टरांनी सांगितलेला स्प्रे लागतो. वाफाऱ्याने धूळ कमी होत नाही.

जलनेतीचं मला मनापासून कौतुक आहे. संदेशात खरोखर कामाचं तेवढंच आहे, आणि नेमकं तेच धोक्याच्या पद्धतीने सांगितलंय. नळाचं पाणी नाकात घालू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पाण्यातून नाकावाटे मेंदूत पोचतो आणि मग माणूस बहुधा वाचत नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं असेच गेले. तेच पाणी प्यायलं तर हा अमिबा काही करत नाही, म्हणून ‘आम्ही पितो की’ हे उत्तर इथे लागू नाही. पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला सपाट एक छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. नुसत्या पाण्याने नाकात झोंबतं, मिठाने झोंबत नाही. पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या, एका नाकपुडीतून सोडा, दुसरीतून येऊ द्या. नंतर हळू शिंकरा. भांडं धुऊन कोरडं करा. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी थांबा.

खाण्याबद्दल थोडक्यात. दही, केळी, भाताने शेंबूड वाढत नाही. दुधाने लाळ घट्ट होऊन घशाला चिकटल्यासारखं वाटतं, तो कफ नसतो. गरम पातळ मात्र प्या. 1978 मध्ये अमेरिकेत पंधरा जणांवर साधा प्रयोग झाला होता: गरम पाणी आणि गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला द्राव जास्त वेगाने सरकला, थंड पाण्याने मंदावला. गरमाचा परिणाम अर्ध्या तासात संपला. आमच्या घरी सर्दी झालेल्याला मिरी घालून अळणी, म्हणजे मटणाचं पातळ पाणी, देतात. त्याने तेवढा अर्धा तास नक्कीच बरा जातो.

उरलं ‘सात दिवसांत मुळासकट’. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपणच जाते, त्यामुळे या संदेशाला श्रेय मिळतच राहणार. ज्यांचं बारा आठवडे झाले तरी जात नाही, त्यांच्यामागे ॲलर्जी, नाकातले कोंब, वाकडा पडदा असं काही असतं. एकाच बाजूने दुर्गंधी येत असेल तर वरच्या दाढा दाखवा. त्यांची मुळं गालाच्या पोकळीच्या तळाशीच असतात. आणि ‘सायनसचं डोकं दुखतं’ म्हणणाऱ्यांचं डोकं पुष्कळदा सायनसचं नसतंच. 2004 मध्ये स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणारे 2991 जण तपासले, त्यांतल्या 88 टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. दर पंधरवड्याला डोकं ठणकून उलटी होणारी, उजेड नकोसा होणारी माझी एक मैत्रीण नऊ वर्षं वाफारे घेत होती. मायग्रेनचं औषध मिळाल्यापासून तिची शाळेतली रजा वाचते.

दाजी, ‘डॉक्टरची गरज नाही’ या शेवटच्या ओळीला मात्र माझा ठाम विरोध आहे. डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाची दोन दिसणं, मान ताठणं, गुंगी, कपाळावर मऊ फुगवटा यातलं काही दिसलं तर वाफारा, नेती, काढा सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री दवाखाना गाठायचा. साखर ताब्यात नसलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली दिसली किंवा गाल बधिर झाला तरी तसंच. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे नेले ते आपण पाहिलंय. सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा, अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.